कावेरीबाईंचा घसा आणि मखमली शेंगा

“डॉक्टर कशाला? कावेरीबाईंचा घसा मी मोकळा करतो!”

मल्लेश्वरमच्या त्या छोट्याशा रामोत्सव समितीच्या बैठकीत हयवदनराव हे इतक्या जोरात बोलले, की अध्यक्ष रघुपतीरावांच्या हातातली कॉफी बशीत आणि बशीतली धोतरावर गेली. रघुपतीराव म्हणजे निवृत्त अमलदार. मान ताठ, मिशा ताठ, आवाज त्याहून ताठ. त्यांच्यासमोर समितीतलं कुणी मोठ्यानं खोकतसुद्धा नसे.

“तुम्ही?” रघुपतीराव म्हणाले. “तुमच्याकडे चपलांचं काम आहे ना?”

हेच तर दुखणं होतं! उत्सव सुरू झाल्यापासून दर वर्षी हयवदनरावांच्या वाट्याला मांडवाच्या दारात चपला राखणं यायचं. वयाची पन्नाशी आली, तारखात्यात हेडक्लार्क झाले, पण उत्सवात आपले चपलांजवळ! आत गाणं चाललेलं असायचं आणि बाहेर हे कुणाचा डावा जोडा कुणाच्या उजव्याशी संसार थाटून बसलाय ते बघत उभे.

“आमचे खापरपणजोबा वैद्य होते,” हयवदनराव छाती पुढे काढून म्हणाले. मधले तिघं पूर्वज अक्षरओळखीनंतर थेट कचेरीत गेले होते, ही गोष्ट त्यांनी गाळली. “आत्ता चैत्राची पालवी आहे. अडुळसा फुललाय. रानातला ताजा पाला आणतो, काढा करतो. घसा कसा, घंटेसारखा होईल!”

कावेरीबाई धारवाडच्या गायिका. परवाच्या रामनवमीला त्यांचं गाणं ठरलेलं, आणि गाडीतल्या धुळीनं घसा धरलेला. गाणं रद्द झालं तर एवढ्या लोकांना काय ऐकवायचं, ह्या काळजीनं समितीचे चेहरे भिजलेल्या मूगडाळीसारखे फुगले होते. त्यामुळे रघुपतीरावांनी शेवटी मान हलवली.

“सरी, ठीक आहे. करा. पण काही वेडंवाकडं झालं तर बघा!”

हयवदनराव तिथूनच तडक कावेरीबाई उतरल्या होत्या त्या घरी गेले. बाई ओसरीवर लोकरी शाल गुंडाळून बसल्या होत्या. साठीच्या आसपासचं वय, कपाळावर मोठं कुंकू आणि चेहऱ्यावर कंटाळा.

“घसा काय, होईल बरा,” त्या खरखरत्या आवाजात म्हणाल्या. “पण खरं सांगू का हो, गावंसंच वाटत नाही आताशा. पूर्वी लोक ऐकायला यायचे. आता मी इकडे जीव काढून तान घेते, आणि समोर एकजण पानाला चुना लावतोय, एकजण पेपर वाचतोय, एकजण घोरतोय. गेल्या महिन्यात हुबळीला तर पहिल्या रांगेतला माणूस सम यायच्या आत घरी गेला. भिंतीसमोर गायलेलं बरं. ती निदान उठून जात नाही!”

“इथले लोक तसे नाहीत, बाई,” हयवदनराव म्हणाले. खरं तर ते तसेच होते. रघुपतीराव तर मैफिलीत अशा काही पुतळ्यासारखे बसायचे, की एकदा त्यांच्या डोक्यावर चिमणी बसून गेली होती.

“बघू. तासभर गाईन आणि उठेन,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हयवदनराव निघाले. रानात काटेकुटे फार, म्हणून गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, त्यावर मफलर, डोक्याला टोपी, हातात छत्री. अडुळशाची शोधमोहीम कसली, हिमालयावरची स्वारीच! सोबत शेजारचा प्राणेश होता. तो त्यांना अण्णा म्हणायचा आणि त्यांच्या प्रत्येक बेताला आधी नको म्हणून मग सोबत यायचा.

“अण्णा, पाला आणायला पिशवी घेतलीत?”

पिशवी नव्हती. झोपाळ्यावर मात्र समितीच्या पांढऱ्याशुभ्र चादरींची चळत होती. बैठकीवर आणि मंचावर अंथरायच्या ह्या चादरी दर वर्षी हयवदनरावांची बायको सत्यवती धुऊन, नीळ देऊन, घड्या घालून द्यायची. ती त्या वेळी मांडवात कोशिंबिरीच्या डाळी निवडायला गेली होती. हयवदनरावांनी वरची चादर उचलली आणि काखोटीला मारली.

“अक्का रागावतील हो,” प्राणेश म्हणाला.

“अरे, पाला म्हणजे काय चिखल आहे? झटकली की झाली!”

दोघं सायकलींवरून हेब्बाळच्या बाजूला निघाले. रस्त्यावर करंजाच्या फुलांचा सडा पडला होता. वस्ती संपली, शेतं लागली, आणि तळ्याच्या अलीकडच्या कुंपणात खरोखरच अडुळसा दिसला! हिरवागार पाला, मधून मधून पांढरी फुलं. आपण ओळखलेली वनस्पती तीच निघाली ह्याचं हयवदनरावांना स्वतःलाच इतकं नवल वाटलं, की त्यांनी खापरपणजोबांना मनातल्या मनात नमस्कार केला.

भराभर पाला तोडून झाला. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. कुंपणावरून एक वेल लोंबत होता, आणि त्याला सोनेरी तपकिरी रंगाच्या शेंगा लागल्या होत्या. प्रत्येक शेंग रघुपतीरावांच्या मिशीसारखी वळलेली, आणि तिच्यावर मखमलीसारखी लव!

“प्राणेश, बघ! काय वनस्पती आहे!”

“कसली आहे?”

“औषधी!”

“नाव काय तिचं?”

“नावाशी काय करायचंय? लव बघ! निसर्ग काय वाटेल त्याला मखमल चढवतो होय? आत काहीतरी मौल्यवान असल्याशिवाय?”

“अण्णा, ह्या काढ्यात नका हं घालू. ओळखीचं तेवढंच घाला.”

“नाही घालत. पण रघुपतीरावांना दाखवायला नेतो. कळू दे, चपला राखणाऱ्याला काय काय दिसतं ते!”

छत्रीची मूठ अडकवून त्यांनी वेल खाली ओढला. शेंगांसकट तो भस्सकन चादरीत आला. गाठोडं बांधून सायकलला लावलं, आणि मंडळी दिग्विजय करून परतली.

घरी आल्यावर हयवदनरावांनी गाठोडं सोडलं. पाला धुवायला वेगळा काढला. वेल उचलणार, तर त्यावर तांबड्या मुंग्या! हात लावायची सोय नाही. मग त्यांनी लांब दांड्याचा झाडू घेतला आणि लांबूनच वेलाला फटके मारायला सुरुवात केली. फट्! फट्! फट्! दारातून छान वारा येत होता. शेंगांवरची लव सोनेरी धुरासारखी उडत होती आणि वाऱ्याबरोबर थेट झोपाळ्यावरच्या चादरींवर जाऊन बसत होती. पण हयवदनरावांचं सगळं लक्ष मुंग्यांवर. मुंग्या गेल्या तेव्हा शेंगांची मखमलही गेली होती, आणि त्या आता टक्कल पडलेल्या सुरवंटासारख्या दिसत होत्या.

“छे! ह्या काय दाखवायच्या?” म्हणून त्यांनी वेल मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशी टाकला, चादर चार वेळा दणकून झटकली आणि घडी घालून पुन्हा चळतीवर ठेवली. तेवढ्यात मानेला काहीतरी चावल्यासारखं झालं.

“मुंगी!” ते म्हणाले. मग मनगटाला झालं. “आणखी एक मुंगी!”

काढा मात्र झकास जमला. मध, मिरी, सुंठ घालून त्यांनी तो कावेरीबाईंना नेऊन दिला. बाईंनी पहिला घोट घेतला, आणि त्यांचे डोळे असे फिरले की हयवदनरावांनी दोन पावलं मागे घेतली.

“अय्यो! काय कडू हो!”

“कडू आहे म्हणजे लागू पडणार, बाई!”

आणि लागू पडला! रामनवमीच्या सकाळी बाईंचा निरोप आला, की आवाज सुटलाय, गाईन. रघुपतीरावांनी सगळ्यांसमक्ष हयवदनरावांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “आज चपला दुसरं कुणीतरी बघेल. तुम्ही माझ्या शेजारी बसा. पहिल्या रांगेत!”

हयवदनराव जमिनीवरून चालत होते, असं म्हणणं धाडसाचं होईल.

संध्याकाळी मांडव भरला. पानकाचे पेले फिरले, कोशिंबिरीचे द्रोण फिरले, आणि माणसं पांढऱ्याशुभ्र चादरींवर ऐसपैस मांड्या ठोकून बसली. मंचावर कावेरीबाई आल्या. त्यांनी आपली बारकी सतरंजी धारवाडहून सोबत आणली होती. दुसऱ्याच्या बैठकीवर त्या कधी बसत नसत. त्यांचा तबलजी बसवंत आणि पेटीवाला मात्र समितीच्या चादरीवर टेकले.

बाईंनी पूरिया धनाश्रीचा षड्ज लावला. काय आवाज! हयवदनरावांनी कृतार्थपणे डोळे मिटले. आणि लगेच उघडले. त्यांच्या घोट्याला खाज सुटली होती.

त्यांनी हळूच घोटा खाजवला. खाज पोटरीवर गेली. पोटरी खाजवली, तर ती मांडीवर, कोपरावर, मानेवर. कुणी बघत तर नाही ना, म्हणून त्यांनी शेजारी पाहिलं. रघुपतीराव, ज्यांच्या डोक्यावर चिमणी बसली होती ते रघुपतीराव, मान अशी हलवत होते जशी दुपारी म्हैस माशा वारते!

“काय... काय सुंदर आलाप!” रघुपतीराव दात आवळून म्हणाले. अध्यक्षानं भर मैफिलीत कंबर खाजवायची कशी? म्हणून ते कंबर चादरीवर घासत होते आणि लोकांना वाटत होतं, की लय लागली.

पाचदहा मिनिटांत सगळा मांडव हलायला लागला. गंमत अशी, की प्रत्येकाला वाटत होतं खाज फक्त आपल्यालाच सुटलीय. लाजेनं कुणी बोलेना. एक वकील दाद दिल्यासारखा हात वर न्यायचा आणि खाली आणताना पाठ खाजवून घ्यायचा. एक मास्तर मांडीवर ताल धरल्याचं सोंग करून मांडी कुटत होते. बायकांच्या बाजूला तर पदर असे फडफडत होते, जणू कबुतरांच्या थव्यात कुणी दगड मारलाय! आणि उठून जायची सोय नाही. ख्याल चालू असताना जागचं हलायचं नाही, हा रघुपतीरावांचाच कडक नियम. तो आता त्यांनाच नडत होता.

कावेरीबाईंनी डोळे उघडले. समोर बघून त्यांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पान नाही, पेपर नाही, घोरणं तर नाहीच! प्रत्येक माणूस डोलतोय, मान हलवतोय, मांडीवर थाप मारतोय! कुणाच्या तोंडून “अहाहा!” निघतंय, कुणाच्या “हाय हाय!”

बाईंना नवा हुरूप आला. त्यांनी तान घेतली. लोक कळवळले. बाईंनी दुप्पट घेतली. लोक तळमळले!

बसवंताचे तर हाल. तबला वाजवायला दोन हात लागतात आणि खाज चार ठिकाणी! तो मधेच एक बोल गाळून गुडघा खाजवायचा आणि उरलेल्या मात्रा घाईघाईनं कोंबून समेवर यायचा. अशा लयी त्याला कुणी शिकवल्या नव्हत्या.

“वा रे बसवंत!” बाई चकित होऊन म्हणाल्या. “कुठं लपवून ठेवलं होतंस हे?”

पेटीवाला पाठ मागच्या खांबाला घासत होता. त्यामुळे प्रत्येक सुराला एक झुलता हेलकावा येत होता, आणि तोही वाईट नव्हता.

तास झाला. रघुपतीरावांनी आशेनं मंचाकडे बघितलं. आता संपवणार!

“एवढं ऐकणारे लोक मला कित्येक वर्षांत भेटले नाहीत,” बाई गहिवरून म्हणाल्या. “आज घड्याळ बघायचं नाही. कानडी पदं म्हणते, मग अभंग म्हणते, मग तुम्ही म्हणाल ते म्हणते!”

“नको!” मागून कुणीतरी विव्हळलं.

“नको म्हणजे, थांबवू नको म्हणतायत,” हयवदनरावांनी घाईनं सावरून घेतलं. रघुपतीरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की खाजेशिवाय आणखी एक गोष्ट अंगभर पसरली.

इतक्यात मांडवाच्या कडेला सत्यवती दिसली. ती घरी नवं लुगडं नेसायला गेली होती. आता ती धापा टाकत उभी होती आणि तिनं सांडशीत काहीतरी धरून उंच केलं होतं. विंचू पकडल्यासारखं. हयवदनरावांनी डोळे बारीक केले. शेंग! धुण्याच्या दगडापाशी टाकलेली शेंग!

सत्यवतीनं आधी शेंग हलवली, मग सांडशी चादरीकडे आणि शेवटी नवऱ्याकडे बोट दाखवावं तशी रोखली. मग ओठांनी, अजिबात आवाज न करता, एक एक अक्षर सुटं करून सांगितलं.

खा. ज. कु. इ. ली.

खाजकुइली! नाव लहानपणापासून ऐकलेलं, पण चेहरा कधी पाहिला नव्हता! हयवदनरावांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. डोलणारे वकील, मास्तर, अमलदार, त्यांच्या बायका. सगळा मल्लेश्वरम त्यांनी एकट्यानं खाजवायला लावला होता!

बाईंनी भैरवी घेतली. शेवटचा सूर हवेत असतानाच सगळा मांडव एका झटक्यात उभा राहिला. चादरीपासून अंग सुटलं ह्या आनंदानं लोकांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला, की बाहेर बांधलेला टांग्याचा घोडा खिंकाळला. कावेरीबाई मंचावर उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या.

“पाणी लावू नका कुणी!” सत्यवती आता उघड ओरडली. “पसरेल! मागं गवळ्याच्या गोठ्यात चला! शेण चोळा, शेण! लव त्यालाच चिकटून निघते!”

एरवी शेणाजवळून नाक धरून जाणारी मंडळी गोठ्याकडे अशी धावली, जणू तिथं प्रसाद वाटतायत! वकिलांनी जरीचा अंगरखा कोपरापर्यंत सारला, मास्तरांनी धोतर गुडघ्यावर घेतलं. बायकांसाठी गवळणीनं आडोसा करून दिला. बसवंतानं तर गळ्यापर्यंत शेण थापून घेतलं आणि भिंतीला टेकून गोवरीसारखा स्वस्थ उभा राहिला.

“हयवदनराव!” रघुपतीराव गरजले. त्यांच्या एका गालावर शेण होतं आणि दुसऱ्या गालावर लावायचं राहिलं होतं. “हे तुमचं औषध? पुढच्या वर्षीपासून तुम्ही चपला राखा!”

“त्याच तर राखत होतो, रघुपतीराव.”

“मग... मग चपलांनासुद्धा हात लावू नका!”

रघुपतीराव पुढं आणखी बरंच बोलणार होते, पण गोठ्याच्या दारात कावेरीबाई येऊन उभ्या राहिल्या. श्रोत्यांचे आभार मानायला त्या शोधत शोधत आल्या होत्या. डोळे अजून ओले होते, पण चेहऱ्यावर असं काही तेज होतं, की परवा शाल गुंडाळून बसलेल्या बाई त्या ह्याच, असं कुणाला वाटलं नसतं.

“हे काय हो?” त्या थबकल्या. “सगळ्यांनी शेण का लावून घेतलंय?”

एक गाय रवंथ करायची थांबली. रघुपतीरावांनी घसा खाकरला. अमलदारीत त्यांनी कधी खोटं ऐकून घेतलं नव्हतं, बोलले तर नव्हतेच. “बाई, त्याचं असं आहे, की आमच्या ह्या शहाण्यानं...”

हयवदनरावांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. भिंतीसमोर गायलेलं बरं, असं त्या म्हणाल्या होत्या. ते चटकन पुढं झाले.

“रीत आहे, बाई! इथली जुनी रीत! गाणं ऐकून अंगावर काटा आला, की दृष्ट लागू नये म्हणून शेण लावतात.”

“सगळ्यांच्या अंगावर आला?”

“सगळ्यांच्या! हे रघुपतीराव बघा. ह्यांच्या तर पाठीवरसुद्धा आला.”

रघुपतीरावांची मिशी थरथरली. त्यांनी हयवदनरावांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, पुन्हा हयवदनरावांकडे पाहिलं.

“हो,” ते शेवटी म्हणाले. “फार आला. कंबरेलाही आला.”

“मलाही!” वकील म्हणाले. “आम्हालाही!” आडोशामागून बायका म्हणाल्या. सत्यवतीनं हातातली सांडशी हळूच पदराआड घेतली.

बाईंची नजर भिंतीशी गेली. “बसवंत? तू तर रोज ऐकतोस माझं गाणं!”

बसवंतानं शेणातून डोळे किलकिले केले. “आज काही वेगळंच होतं, अक्का,” तो म्हणाला, आणि ह्यात तसं काही खोटं नव्हतं.

कावेरीबाईंनी उंची इरकली लुगड्याचा पदर कंबरेला खोचला, बांगड्या मागं सारल्या आणि उजवा हात हयवदनरावांसमोर धरला.

“मग मलाही स्वल्प लावा हो. आज माझ्याही अंगावर काटा आला होता.”

हयवदनरावांनी गोठ्यातलं त्यातल्या त्यात ताजं शेण निवडलं आणि मोठ्या आदरानं बाईंच्या मनगटाला लावलं. पुढं काय करायचं ते कुणालाच सुचेना. तेव्हा रघुपतीरावांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मागोमाग सगळ्यांनी. हात शेणानं भरलेले, त्यामुळे आवाज काही फारसा चांगला निघत नव्हता, शिंतोडे मात्र उडत होते, आणि पुढच्या रांगेतले लोक हळूहळू मागे सरकत होते.